गणिताच्या बॅचला वीस जण हवेत

७ जुलै, सोमवार

ऋतुजा आली होती. यंदा बारावी कॉमर्सला आमच्या कॉलेजात पहिली आलेली, नांदे गावची. स्टाफरूमच्या दारात उभी, हातात फाइल, चेहरा असा की मी आधी पाणीच दिलं.

तिला कॉम्प्युटरची डिग्री करायची आहे. वडिलांच्या बिल्डिंगीत हिंजवडीची आयटीतली पोरं-पोरी भाड्यानं राहतात. त्यांच्या मागं लागून लागून ही आठवीपासून कोडिंग शिकलीय. पुण्यात जे कॉलेज हवं होतं तिथं गेली, दोन तास रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी मार्कलिस्ट उलटीसुलटी करून विचारलं, "बारावीचं गणित कुठंय?"

गणित नाही. एसपी आहे. एसपीत सत्त्याण्णव मार्क आहेत! बाईंनी फाइल परत दिली.

मला म्हणते, "मॅडम, तुमच्यावर राग न्हाई हां. मलाच तवा गनिताची भीती वाटायची."

खोटं. भीती तिला नव्हती. मी घातली. कॉमर्सला गणित घ्या नाहीतर एसपी घ्या, दोन्हींतलं एकच. आणि एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस (कंपन्यांची पत्रं, सभा, नोटिसा), हे आपलं दुकान. दर वर्षी पहिल्या दिवशी माझं ठरलेलं भाषण: "गणित घेऊन काय दिवे लावणार आहात? एसपी घ्या, पाठ करा, मार्क घ्या, निवांत राहा." पोरं हसायची, मीही हसायचे. मी तासिका तत्त्वावर. एसपीचे वर्ग भरले तरच माझे तास. म्हणून अकरा वर्षं ते भाषण. सहा वर्षांपूर्वी गणिताची बॅच पोरं नाहीत म्हणून बंदच पडली, आणि मी त्या दिवशी घरी शिरा केला होता. फॉर्मवर गणित अजून असतं, पुरेशी पोरं जमली तर बॅच निघेल म्हणून, त्यामुळे भाषणही चालूच.

लिहून टाकलं. बरं वाटलं का? नाही.


८ जुलै, मंगळ.

सकाळी पाचला उठून फोनवर कॉलेजांची माहितीपत्रकं वाचत बसले. पंधरा-सोळा तरी वाचली. काही ठिकाणी नुसती बारावी चालते, काही ठिकाणी गणित सक्तीचं. पण जिथं चालते तिथंही खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच: गणित असल्यास उत्तम. कॉम्प्युटरला तर असतंच, पण बिझनेसच्या डिग्र्यांनाही! पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स. अकरा वर्षांत मी हे एकदाही उघडून बघितलं नाही. बाई, तू शिक्षक ना?

चिडचिड झाली, पण आठ वाजेपर्यंत चिडचिडीचं दुसरंच काहीतरी झालं. अंगात वारं भरल्यासारखं. पहिला तास सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

"सर, गणिताची बॅच परत सुरू करू."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "मॅडम, तुम्ही म्हणताय हे? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"पाडू दे."

शेवटी अट घातली. अकरावीची वीस मुलं, प्रत्येकाच्या विषय-निवडीच्या फॉर्मवर पालकांची सही, शनिवार १९ च्या दुपारपर्यंत. एक कमी असला तरी संस्था ऐकणार नाही.

शिकवणार कोण? सायन्सचे जगताप सर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "चार वर्षं मी पोरं गोळा करत फिरलो, आणि सगळी तुम्हीच पळवलीत." मी कान पकडले. अक्षरशः पकडले, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. हसले आणि हो म्हणाले. एक तास देतील.

वीस!


९ जुलै

अकरावी कॉमर्स, दोन्ही तुकड्या एका हॉलमध्ये बसवल्या. म्हटलं, "मागच्या आठवड्यात मी गणिताबद्दल जे बोलले ते विसरा. मी चुकले होते."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मागून एकजण: "मॅडम, मंग आता एसपी सोडायचं व्हय?" दुसरा: "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

ऋतुजाला बोलावलं होतं. तिनं खिडकीवरची गोष्ट सांगितली, दोन मिनिटांत, काही तिखटमीठ न लावता. माझं नाव नाही घेतलं. पोरगी मोठी आहे माझ्यापेक्षा.

किती हात वर? चार. चार तर चार.


१० जुलै

दुसऱ्याला सांगायचं तर स्वतःला यायला नको? लायब्ररीतून अकरावी-बारावी कॉमर्सचं गणिताचं पुस्तक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली. मला स्वतःला दहावीला गणितात एक्केचाळीस होते. हे कॉलेजात कुणाला माहीत नाही.

पोहे भिजेपर्यंत एक उदाहरण. चूक. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दुसरं. बरोबर!! ओट्यापाशी ओरडले, तर मुक्ता दात घासताना धावत आली, आईला भाजलं की काय म्हणून.

बारावीच्या पुस्तकात एक भारी प्रकार आहे. चार माणसं, चार कामं, कोण कुठलं काम किती वेळात करतं त्याचा तक्ता, आणि त्यातून कुणाला काय दिलं की एकूण वेळ सगळ्यांत कमी लागेल ते काढायचं. घरातल्या तिघांचा तक्ता केला. भांडी, कपड्यांच्या घड्या, भाजी चिरणं. दोनदा सोडवलं. उत्तर: भांडी नवऱ्याकडे, प्रशांतकडे.

प्रशांत: "आकडे तूच भरलेस ना?"

"मग तपासून बघ."

त्यानं तपासलं. त्यालाही तेच आलं. घासतोय बिचारा. म्हणतो, आमच्या कंपनीत हेच मोठं नाव देऊन करतात. अगं बाई, आणि हे मी पोरांना 'कशाला हवं' म्हणून सांगत होते!

संख्या: ७.


१२ जुलै, शनि.

दोन गोष्टी. एक लई (पोरांचा शब्द लागलाय) आनंदाची, एक झोंबलेली.

आनंदाची: ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी बोर्डाचं जुनं परिपत्रक काढून दाखवलं. बारावी पास झालेल्याला एकच विषय वेगळा घेऊन परीक्षा देता येते. म्हणजे ऋतुजा फेब्रुवारीत फक्त गणिताचा पेपर देऊ शकते! मी टाळीच वाजवली. भाऊसाहेब लाजले. वीस वर्षांत त्यांच्या परिपत्रकाला कुणी टाळी वाजवली नसेल. फक्त ती वीसमध्ये धरली जाणार नाही, वीस अकरावीचेच हवेत.

जगताप सर म्हणाले, अकरावीच्या बॅचबरोबर बसू दे, बारावीचं मी मधल्या सुट्टीत घेईन. पण बॅचच नसेल तर त्यांचे तास सायन्सला जाणार, मग नाही जमणार.

झोंबलेली: हे सांगायला ऋतुजाच्या स्कूटीवर मागं बसून नांद्याला गेले. रस्त्यात दोन्हीकडं भात लावलेला आणि मधेमधे टॉवर. वडील अंगणात टाकीचा नळ बदलत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ऐकून घेतलं. मग हात पुसत, अगदी शांतपणे:

"मॅडम, मी आलो व्हतो दोन वर्सांपूर्वी कालिजात. आटवतंय का? इचारलं व्हतं, पोरीला गनित द्यावं का म्हनून. तुमीच म्हनला व्हता, कशाला डोक्याला ताप."

आठवलं. मी मान खाली घातली. दुसरं काय करणार.

"आता तरी खरं सांगताय ना?"

"हो अण्णा."

"मंग ऐका. बॅच निगाली तर एक वर्स देतो तिला. न्हाई निगाली तर एकवीसच्या सोमवारी बी.कॉम.ला नाव घालतो. कोथरूडच्या क्लासला रोज चांदणी चौकाच्या गर्दीतनं धाडनार न्हाई मी."

ऋतुजा दारामागं उभी होती. सगळं ऐकलं तिनं. परत येताना भूगाव येईपर्यंत स्कूटी जोरात चालवली. उतरताना म्हणाली, "मॅडम, उद्या रविवार. भुकूमला किती घरं हायेत आपल्या यादीत?"


१३ जुलै, रवि.

नऊ घरं! पायाचे तुकडे पडलेत, पण काय मजा आली.

पहिलं घर. आई म्हणते, "पोरगी दुकान बघनार हाय आमचं. तिला कशाला गनित?" मी म्हटलं, दुकान बघणार म्हणूनच. सही नाही, चहा मिळाला.

तिसरं घर. वडील प्लॉटची मध्यस्थी करतात. मला म्हणाले, गणित अवघड असतं मॅडम. आणि तेवढ्यात फोन आला, तर खाटेवर पडल्या पडल्या अर्धा एकर तीन भावांत, मधला रस्ता सोडून, तोंडी वाटून दाखवला. फोन ठेवल्यावर मी नुसती बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं. "आसं व्हय," म्हणाले. "हे बी गनितच की." सही!

पाचव्या घरात आजोबांनी विचारलं, "तुमी कंच्या गावच्या?" परभणीकडची म्हटलं. "मंग तितं पोरं न्हाईत व्हय शिकवायला?" सगळे हसले. सही झाली.

ऋतुजा प्रत्येक ठिकाणी फक्त आपली मार्कलिस्ट पुढं करते. माझ्या अर्ध्या तासाच्या बडबडीपेक्षा तो कागद जास्त बोलतो. एका घरी तर मी तोंड उघडायच्या आतच काम झालं होतं.

रात्रभर पाय शेकले तरी चालेल. १३.


१५ जुलै

आज जगताप सरांकडून तास मागून घेतला आणि फळ्यापाशी उभं केलं ऋतुजाला. तिनं बिल्डिंगीतली गोष्ट घेतली. आठ खोल्या, आठ भाडेकरू, त्यातले दोघं एकमेकांशेजारी नको म्हणतात, तर किती प्रकारे खोल्या देता येतील? पोरं आधी हसली, मग भांडायला लागली, मग दोन गट पडून फळ्यावर चढाओढ. एक पोरगा ओरडला, "मॅडम, त्या दोगांना समजावून सांगायचं सोपं की!" तास संपला तरी कुणी उठेना.

शेवटी ऋतुजानं त्याच पद्धतीनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून उत्तर काढून दाखवलं. तेव्हा मात्र पोरं बाकं सोडून पुढं आली. मीही.

मी अकरा वर्षांत एकदाही असा तास घेतला नाही. असूया वाटली? वाटली थोडी. पण आनंद तिच्या दसपट. १६!!


१६ जुलै, बुध.

हे पण लिहायला हवं.

वीस पोरं गेली की उरलेल्यांच्या दोन तुकड्यांची एकच तुकडी होणार. म्हणजे माझे निम्मे तास गेले. आज मधल्या सुट्टीत इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी विचारलं, "तुला कळतंय ना काय करतेयस?" कळतंय. पण त्यांनी बोलून दाखवल्यावर वहीच्या मागच्या पानावर उरलेल्या तासांचा पगार मांडून बघितला. निम्म्या तासांवर मला पुढच्या वर्षी ठेवतील का? कोण जाणे.

प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "तू हे आठ दिवस जशी वागतेयस तशी मी तुला लग्नानंतर बघितलीच नाहीये." मग जरा थांबून, "म्हणजे चांगल्या अर्थानं म्हणतोय." आणि भांडी घासायला गेला.

भीती आहेच. पण आज नव्या प्रकरणातली सहापैकी पाच उदाहरणं बरोबर आली.


१७ जुलै

एक गळाला. त्याच्या मामानं सांगितलं म्हणे, गणितात नापास झालास तर वर्ष जाईल. मामाला फोन केला. उचलत नाही. १५.

दुपारी दोघी आल्या, भूगावच्या, एकाच सोसायटीतल्या. त्यांच्या वडिलांना कॉमर्स म्हटलं की नाक मुरडायची सवय. "गणित आहे? मग ठीक आहे." आम्हाला हे वेगळंच गिऱ्हाईक! १७.

संध्याकाळी मामानं उचलला. वीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणे, "बगतो." बगतो म्हणजे काय ते देवालाच ठाऊक.


१८ जुलै, शुक्र.

वीस!!! वीस वीस वीस!

सकाळी मामा स्वतः भाच्याला घेऊन गेटवर. अठरा. मधल्या सुट्टीत दुकानवाल्या बाई फॉर्म घेऊन आल्या. त्याच, पहिल्या घरच्या! म्हणाल्या, "पोरगी तीन दिस जेवायला बसली की तेच. घ्या." एकोणीस. आणि शेवटच्या तासाला सायली, भुकूमची, पहिल्या बाकावर बसणारी, कधी जास्त न बोलणारी. फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनता म्हनून घेतलं गनित."

मी तिला मिठीच मारली. भाऊसाहेबांनी पेढे मागवले. जगताप सरांनी फळ्यावर नुसतं २० लिहून खाली दोन रेघा मारल्या. ऋतुजाला फोन केला तर पलीकडून आधी काहीच ऐकू येईना, मग एकदम, "अण्णाऽऽ!" अशी हाक, आणि फोन तसाच चालू राहिला. मी तिकडची सगळी पळापळ ऐकत उभी.

उद्या दुपारी फॉर्म द्यायचे. आज पुस्तकाला हात लावला नाही. नाचावंसं वाटतंय.


१९ जुलै, शनि. दुपार

फॉर्म देण्यापूर्वी एकदा नीट लावून घ्यावेत म्हणून सकाळी लवकर गेले. सायली व्हरांड्यात बसलेली, मांडीवर वही. सहज बघितलं तर वहीखाली माझ्या विषयाचं, एसपीचं पुस्तक, अर्ध्याहून जास्त खुणा केलेलं. अजून शिकवायला सुरुवातही केली नाहीये मी.

"हे काय गं?"

"परत द्यायच्या आदी एकदा पुरं वाचते, मॅडम."

वही बघू म्हटलं. आईच्या बचत गटाच्या बैठकीचं इतिवृत्त हीच लिहिते, सातवीपासून. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं व्यवस्थित. आणि शेवटच्या पानांवर पुस्तकात बघून लिहिलेली पत्रं. कंपनीनं भागधारकाला पाठवायचं पत्र, सभेची नोटीस. माझ्या बारावीच्या पोरांना इतकं नीट जमत नाही. कंपनी सेक्रेटरी व्हायचंय तिला. भुकूमच्या एका फ्लॅटमध्ये एक ताई तेच करतात, त्यांना विचारून आलीय. त्या कोर्सला बारावीचं गणित लागत नाही. तेही तिनं विचारलंय. मी नव्हतं विचारलं!

"मग गणिताचा फॉर्म का दिलास?"

"एक कमी पडत व्हता ना."

मी वही मिटली. दहा दिवस मी स्वतःला शहाणी समजत होते. आणि काय केलं? अकरा वर्षं एसपीची बॅच भरायला पोरींना भीती घातली, आता गणिताची बॅच भरायला दुसऱ्या पोरीला भरीला घातलं. समोर पोरगी होती, मला आकडा दिसत होता.

पाच मिनिटं तिथंच बसून राहिले तिच्या शेजारी. मनात आलं नाही असं नाही की राहू दे, ती आनंदानं देतेय, ऋतुजाचं वर्ष वाचेल. आलं. दोनदा आलं.

मग फॉर्म तिच्या हातात परत दिला. तिनं गणितावरची खूण खोडली, एसपीवर केली, खाली परत सही केली. आईची सही परवा आणते म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू! अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा विषय सोपा म्हणून नाही, हवा म्हणून घेतला. माझे डोळे भरून आले, आणि नेमकं आजच, असंही वाटून गेलं.

प्राचार्यांनी दोनदा मोजले. "मॅडम, काल पेढे खाल्ले आपण."

"हो सर. एकोणीस आहेत."

"विसावा?"

"तिला एसपीच हवंय."

त्यांनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला. मग म्हणाले, सोमवारी सकाळी संस्थेत घेऊन जातो, मी माझ्याकडून बोलतो, पण शब्द देत नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये नाही ठेवले, बॅगेत ठेवले. मी ते बघून घेतलं.


त्याच दिवशी, सं. ५

ऋतुजाला फोनवर सांगणं शोभलं नसतं. नांद्याला गेले. अण्णा घरी नव्हते. बिल्डिंगीच्या पायऱ्यांवर बसलो दोघी. सगळं सांगितलं, सायलीची वहीसुद्धा. सोमवारी सकाळी संस्थेत काय होईल माहीत नाही, आणि अण्णा सोमवारीच बी.कॉम.ला नाव घालणार, तेही बोललो. दुपारपर्यंत थांबायला सांगते म्हणाली त्यांना.

मला वाटलं रडेल. चिडेल. चिडायचा तिला हक्क आहे, आणि तिची बोलणी सगळ्यांत आधी मीच खायला हवीत.

ती खाली बघत चपलेचा पट्टा काढ-घाल करत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंत मॅडम."

आणि जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "माझा बी फॉर्म कुनीतरी आसा परत दिला असता तर..."

तिनं पट्टा घट्ट लावला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी तिला वायफाय गेलंय म्हणून हाक मारली, आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.